माळ्यावरची ठासणीची बंदूक : कानशीला हात घालण्याआधी परवान्याचं बघा

जावळी-पाटणकडच्या जुन्या घरांत माळा झाडताना अजूनही एखादी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक निघते. ओळखीतले एक काका अशीच चकमकीची बंदूक गोणपाटात गुंडाळून साताऱ्यात माझ्या घरामागच्या लेथवर घेऊन आले. घोड्याच्या जबड्यात गारेचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या चकमकीच्या दगडाचा, तुकडा तसाच होता. गार ज्या पोलादी पट्टीवर आपटते, ती मात्र झिजून तिच्यात नखाएवढी खाच पडली होती. पट्टीचा वरचा कडक थर गेला की खालचं मऊ लोखंड ठिणगी देत नाही. "नवं पोलाद बसव, पाणी पाज, झालं," काका म्हणाले. पाणी पाजणं म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करणं. काम एका दुपारचं होतं, पण मी केलं नाही.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदूक दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना कलम 3 चा. तो असला म्हणून दुरुस्तीची मुभा मिळत नाही. 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर कलम 5 मोडण्याची शिक्षा किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही 'शस्त्र'च आहेत. नळी आखूड करणं कलम 6 मध्ये येतं, आणि पॉलिश पेपर मारताना नळीवरचा क्रमांक किंवा कारागिराचा छाप पुसला तर कलम 8 आड येतं. पुसून तेल लावण्यापलीकडे घरी काही करू नका, असं माझं मत.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "शंभर वर्षांची आहे, अँटिकला परवाना लागत नाही." अर्धं खरं. कलम 45 ची सूट जुन्या घाटाच्या, पुरातन किंवा मोडक्या शस्त्राला आहे, पण एका अटीवर : दुरुस्ती करून किंवा न करता, ते बंदूक म्हणून वापरताच येऊ नये. काकांची बंदूक एका दुपारच्या कामाने चालू होणार होती, म्हणजे ती या सुटीत बसतच नव्हती. नळी फुटलेली, काना (दारू पेटवायचं नळीचं बारीक भोक) बुजवलेली असली तरी निर्णय आपण घरी बसून घ्यायचा नाही. पोलीस ठाण्याला कळवून तपासून घ्यायचा.

काकांच्या ट्रंकेत वडिलांच्या नावाचं परवान्याचं पुस्तक निघालं, त्यामुळे प्रकरण वारसाचं झालं. शस्त्र नियम 2016 मधला नियम 25 इथे लागतो. परवानाधारक वारला असेल, किंवा हयात असून 70 वर्षांचा झाला असेल वा त्याने बंदूक 25 वर्षं बाळगली असेल, तर वारसाला परवाना मिळू शकतो. अर्जदार 21 वर्षांचा हवा. वारसाहक्काची धरून एका नावावर दोनच बंदुका ठेवता येतात. परवाना हाती येईपर्यंत बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. नेण्याआधी ठाण्यात फोन करा, आणि पावती घेतल्याशिवाय परत येऊ नका.

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत परवाना प्राधिकारी जिल्हाधिकारी. अर्ज नमुना ए-1 मध्ये, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना पोर्टलवर. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, वयाचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि शारीरिक-मानसिक प्रकृतीचं वैद्यकीय प्रमाणपत्र; त्यात नशेची सवय नसल्याचा उल्लेख हवा. वारसाने मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडावी. खरी गाडी या ना-हरकतीवर अडते. पुण्या-मुंबईला असलेल्या बहीण-भावांच्या सह्या आधी गोळा करा, मग पोर्टल उघडा. पुढे पोलीस ठाण्याचा अहवाल जातो. नकार आला तर कारणं लेखी मागा. कलम 18 खाली अपील करता येतं.

रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीची बंदूक, हे कारण कायद्यातच नोंदलेलं आहे. पण कोयना किंवा सागरेश्वर अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. त्या हद्दीत गाव असेल तर अर्जाआधी वनविभागात चौकशी करा. आणि परवाना पीक राखायचा असतो, शिकारीचा नव्हे. वन्यजीव कायदा त्याने बाजूला सरत नाही.

परवाना मिळाल्यावर दुरुस्ती करायची तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूकवाल्याकडेच. त्याचा परवाना डोळ्यांनी बघा, बंदूक देताना पावती घ्या.

काकांची बंदूक सध्या ठाण्यात जमा आहे. बहिणीची सही तेवढी यायची आहे.