भाड्याची खोली: घरमालक काय बघतो आणि कागद कुठे अडतो

निकाल लागला की लातुरात क्लासला येणाऱ्या पोरांची रीघ लागते. बाप-लेक बॅगा घेऊनच खोली बघायला येतात. खोली पसंत पडते, भाडं ठरतं आणि करारावर गाडं अडतं.

करार मुलाच्या नावावर होत नाही. सही करणाऱ्याचं वय 18 पूर्ण लागतं, आणि अकरावीतला पोरगा सोळाचा असतो. तेव्हा करार आई किंवा वडिलांच्या नावे करा, मुलाचं नाव राहणारा म्हणून लिहून घ्या. ऑनलाइन नोंदणीत आधारवर अंगठा जुळवतात. आयुष्यभर खुरपं-कुदळ धरलेल्या माणसाच्या बोटाच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन नाहीच म्हणतं. माणूस ओशाळून हात धोतराला पुसत राहतो. गावाकडून निघायच्या आधीच आधार केंद्रावर ठसे अपडेट करून घ्या. दोन साक्षीदारही लागतात.

नोकरदाराला मालक पगाराची स्लिप मागतो. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणाऱ्याने ती कुठून आणायची? सहा महिन्यांच्या नोंदी मारलेलं पासबुक आणि कंपनीचा गेटपास दाखवा; भाडं वेळेवर येईल का, एवढंच मालकाला बघायचं असतं. आधीच्या घरमालकाचा नंबर दिलात तर उत्तमच. काही मालक मात्र आडनाव ऐकूनच 'पाव्हणे कुठले?' विचारतात. त्यावर कोणताच कागद चालत नाही.

मालकांनो, 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हे डोक्यातून काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी तुमची, चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बॉन्डवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली नाही. उद्या वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1000, ग्रामीण भागात 500. स्टॅम्प ड्युटी मुदतीतल्या एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, त्या भाड्यात डिपॉझिटवरचं व्याजही धरतात.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकानेच द्यायची, ठाण्यात किंवा ऑनलाइन. भाडेकरूने फोटो, आधार आणि गावाकडचा पत्ता द्यायचा. चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा, त्याची फी वेगळी आणि त्याला दिवसही लागतात. मालक तो आणायला पाठवत असेल तर निघायच्या आधी विचारा, नक्की काय पाहिजे. बहुतेकदा त्याला भाडेकरू-माहितीचा फॉर्मच हवा असतो.