गप्प पोरं : बालपण आणि मोठेपणीचं मन

सोलापूरच्या पूर्व भागात दिवसा पोरांना दबकून बोलायची सवय असते. बाप यंत्रमागावरची रात्रपाळी करून झोपलेला. आईच्या मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. हजार बिड्या पुऱ्या करायच्या, आणि त्यातल्या कारखान्यात छाटल्या गेल्या तर मजुरी बुडाली. पोरगं काही सांगायला आलं की ती मान वर न करता नुसतं "हं" म्हणते. माया नव्हती असं नाही, हात मोकळे नव्हते. आमचंही घर असंच होतं. गप्प बसायचो म्हणून शेजारीपाजारी आम्हाला गुणी म्हणायचे.

ह्या गप्प बसण्याकडे शास्त्राचं लक्ष जायला बराच वेळ लागला. लंडनमधले मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1944 मध्ये चोरी करणाऱ्या 44 मुलांचा अभ्यास मांडला. त्यातली 14 मुलं कुणातच जीव न गुंतवणारी होती, आणि त्या 14 पैकी 12 जण लहानपणी आईपासून दीर्घकाळ दुरावलेले होते. 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी आईच्या ह्याच दुराव्यावर अहवाल लिहिला. तो गाजला, पण सगळं खापर आईच्या डोक्यावर फुटलं. हे मला आजही खटकतं. 1972 मध्ये मनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी ते सावरलं : नुसत्या दुराव्यापेक्षा घरातली धुसफूस, भांडणं जास्त बाधतात, आणि मूल एकट्या आईलाच बिलगतं असंही नाही.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचं अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधलं काम. त्यांच्या प्रयोगात वर्षाच्या बाळाला आई काही मिनिटं सोडून जाते. बाळ किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर ते तिच्याकडे कसं जातं, हे त्या बघत. काही बाळं रडत नसत, आई आली तरी खेळण्यातच मान घालून बसत. शहाणी वाटत. 1977 मध्ये स्राउफ आणि वॉटर्स या संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले. बाहेरून शांत, आत धडधड.

पुढे 1998 मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना लहानपणचे मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन असे अनुभव विचारले. चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका असं काहीच न सोसलेल्यांच्या 4 ते 12 पट होता. पण हा हिशेब समूहाचा आहे, त्यावरून एकाचं भविष्य सांगता येत नाही. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं माग ठेवला. खडतर घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं नीट सावरली. त्यांच्यापैकी अनेकांना आजी, शेजारी, शिक्षक असं कुणीतरी हक्काचं माणूस होतं.

आमच्याकडे ते माणूस म्हणजे आज्जी. वडील झोपले की ती आम्हाला बाहेर ओट्यावर घेऊन बसायची. तिथे मोठ्यानं हसलं तरी चालायचं, रडलं तरीही.