टास्ककिल: विनंती करून बंद करणं आणि सक्तीनं संपवणं

इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या कोचिंग क्लासचा संगणक कक्ष असो की सियागंजातली एखादी पेढी, मागणी सारखीच असते: नको तो प्रोग्रॅम कुणी उघडला तर तो आपोआप बंद व्हावा. क्लासमध्ये गेम नको असतो, पेढीवर कामाच्या वेळी व्हिडिओ प्लेअर नको असतो. विंडोजमध्ये यासाठी चार-सहा ओळींची बॅच फाइल (एकापाठोपाठ चालणाऱ्या आज्ञांची साधी मजकूर-फाइल) पुरते आणि तिच्या पोटात टास्ककिल ही आज्ञा असते. या आज्ञेला /एफ, म्हणजे सक्तीचा पर्याय, लावायचं की नाही, याचा विचार मात्र फार थोडे जण करतात. कुणाकडून तरी मिळालेल्या तयार ओळीत ते असतं, म्हणून ते तसंच राहतं. पण /एफ असलेली आणि नसलेली टास्ककिल ही दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि चुकीच्या जागी चुकीचं काम लावलं की कुणाचं तरी टाइप केलेलं पान जातं.

(इथे आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे रोमनमध्येच घ्यायचे.)

नुसतं ‘टास्ककिल /आयएम एमएसपेंट.ईएक्सई’ लिहिलं (/आयएमच्या पुढे प्रोग्रॅमच्या फाइलीचं नाव, इथे पेंटचं) तर विंडोज त्या प्रोग्रॅमच्या खिडकीला बंद होण्याचा निरोप पाठवतं. कोपऱ्यातली फुली दाबल्यावर जो निरोप जातो, तोच हा. त्याचं काय करायचं ते प्रोग्रॅम ठरवतो: फाइल जतन करायची का असं विचारेल, तात्पुरत्या फाइली पुसेल, कुलूप लावलेली फाइल सोडेल, मग बंद होईल. /एफ लावलं की प्रोग्रॅमला काही विचारलंच जात नाही. विंडोज ती प्रक्रिया, म्हणजे चालू असलेला तो प्रोग्रॅम, जागच्या जागी संपवतं, मेमरी काढून घेतं आणि उघड्या फाइलींचे धागे स्वतः तोडतं. पहिल्या प्रकारात नोकराला ‘दुकान वाढवा’ म्हणून सांगितलेलं असतं. दुसऱ्यात गल्ला उघडा असतानाच मेन स्विच खाली ओढलेला असतो.

हा फरक पडद्यावरही दिसतो, फक्त दोन्ही संदेशांची सुरुवात ‘सक्सेस’नेच होत असल्यामुळे पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. /एफ नसताना संदेश सांगतो की समाप्तीचा संकेत पाठवला आहे. /एफ असताना तो सांगतो की प्रक्रिया संपवली आहे. संकेत पाठवला म्हणजे प्रोग्रॅम बंद झालाच असं नाही. गाणी वाजवणारे आणि गप्पांचे बरेच प्रोग्रॅम फुली दाबल्यावर घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसतात आणि मागे चालूच राहतात. अशा प्रोग्रॅमसाठी पहिला प्रकार ‘सक्सेस’ म्हणेल, खिडकीही नाहीशी होईल, पण टास्क मॅनेजरमध्ये नाव तसंच दिसेल. जतन न केलेलं काम असेल तर उलट होतं: ‘जतन करू का?’ ही चौकट उघडून प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत राहतो. खुर्चीवर कुणी नसेल तर ती चौकट सकाळपर्यंत तशीच राहील.

स्वतः तपासायचं असेल तर नोटपॅड घेऊ नका. विंडोज ११ मधलं नवं नोटपॅड न जतन केलेला मजकूर स्वतःच लक्षात ठेवतं आणि न विचारता बंद होतं, त्यामुळे फरक कळत नाही. पेंट घ्या, एक रेघ ओढा, मग दोन्ही आज्ञा आळीपाळीनं चालवून पाहा. एकदा प्रश्नाची चौकट येईल, एकदा रेघेसकट सगळं जाईल.

सक्तीनं संपवल्यावर नेमकं काय मागे उरतं हे कामाच्या संगणकावर जास्त महत्त्वाचं आहे. वर्डची फाइल पेढीच्या सामायिक फोल्डरमध्ये उघडी होती असं समजा. वर्ड नीट बंद झालं तर सोबतची लहानशी लपलेली मालकी-फाइल, जिच्या नावाची सुरुवात तिरपी लाट आणि डॉलरच्या चिन्हानं होते, ती तो स्वतः पुसतो. /एफ मारलं तर ती तिथेच पडून राहते, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस तीच फाइल उघडायला गेला की त्याला ती दुसऱ्या कुणीतरी उघडलेली दिसते. ती लपलेली फाइल हातानं पुसली की वाट मोकळी होते, पण आधी वर्ड खरंच कुठे चालू नाही ना, ते बघा. टाइप केलेल्या मजकुराचं म्हणाल, तर वर्डची पुनर्प्राप्तीची प्रत मुळात दर १० मिनिटांनी घेतली जाते, म्हणजे मधली काही मिनिटं गेली असं धरून चाला. हिशेबाचं सॉफ्टवेअर नोंद लिहीत असताना मध्येच तोडलं तर डेटा-फाइल अर्धवट लिहिली जाण्याचा धोका असतो. अशा प्रोग्रॅमचं नाव /एफ असलेल्या ओळीत कधीही घालू नये, आणि यात आम्ही अपवाद मानत नाही.

गेमचं तसं नाही. तिथे वाचवण्यासारखं काही नसतं, आणि पूर्ण पडदा व्यापणारे बरेच गेम बंद होण्याचा निरोप दुर्लक्षतात किंवा ‘खरंच बाहेर पडायचं?’ विचारत बसतात. गेम अडकला असेल तर विनंतीला उत्तर द्यायला तो भानावरच नसतो. तिथे सक्ती योग्य आहे. सोबत /टी लावलं तर त्या प्रोग्रॅमनं सुरू केलेल्या पोटप्रक्रियाही जातात. लाँचरमधून उघडणाऱ्या गेमला हे लागतंच, पण त्यासाठी नाव लाँचरचं द्यावं लागतं.

बाकी सगळ्यांसाठी चांगली स्क्रिप्ट दोन्ही वापरते: आधी विनंती, मग थांबणं, मग पाहणं, आणि अजून चालू असेल तरच सक्ती.

@एको ऑफ
टास्ककिल /आयएम एमएसपेंट.ईएक्सई
पिंग -एन ३१ १२७.०.०.१ >नल
टास्कलिस्ट /एफओ सीएसव्ही /एनएच | फाइंड /आय "एमएसपेंट.ईएक्सई" >नल
इफ एररलेवल १ एक्झिट /बी
टास्ककिल /एफ /टी /आयएम एमएसपेंट.ईएक्सई

तिसरी ओळ फक्त ३० सेकंद थांबण्यासाठी आहे. पहिला पिंग लगेच जातो, म्हणून आकडा ३१. थांबायला टाइमआउट ही आज्ञा जास्त वापरतात, पण स्क्रिप्ट पडद्यामागे चालत असली की ती ‘इनपुट वळवता येत नाही’ अशी तक्रार करून लगेच बाहेर पडते. मग विनंती आणि सक्ती एकापाठोपाठ एक होतात आणि मधली सवलत नाहीशी होते. चौथ्या ओळीतलं ‘/एफओ सीएसव्ही’ गाळू नका. टास्कलिस्टचा नेहमीचा तक्ता नाव २५ अक्षरांवर कापतो, त्यामुळे लांब नावाचा प्रोग्रॅम चालू असूनही सापडत नाही. पाचव्या ओळीचा अर्थ: नाव सापडलं नाही तर काम झालं, बाहेर पडा. माणूस समोर बसून टाइप करत असेल अशा संगणकावर ३० सेकंद कमी पडतात. तिथे दोन मिनिटं द्या.

फाइल नोटपॅडमध्ये लिहून जतन करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर .बॅटच्या मागे .टीएक्सटी चिकटतं. आणि फाइलला टास्ककिल.बॅट हे नाव देऊ नका. कमांड प्रॉम्प्ट आधी चालू फोल्डरमध्ये शोधतो, त्यामुळे खऱ्या आज्ञेऐवजी तुमचीच फाइल स्वतःला पुन्हा पुन्हा हाक मारत बसते.

नावानं बंद करण्यातही एक खाच आहे. /आयएम त्या नावाच्या सगळ्या प्रक्रिया धरतं. जावावर चालणारा गेम बंद करायला जावाडब्ल्यू.ईएक्सई लिहिलं आणि बिलिंगचा प्रोग्रॅमही जावावरच चालत असेल, तर दोन्ही गेले. अशा वेळी /एफआय घेऊन खिडकीच्या शीर्षकाची चाळणी लावा: ‘विंडोटायटल ईक्यू’ आणि पुढे शीर्षकाची सुरुवात, शेवटी तारांकन.

स्क्रिप्ट हातानं चालवल्यावर नीट चालते आणि टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी विंडोजची सोय) टाकल्यावर विनंतीचा भाग काम करत नाही, ही तक्रार नेहमीची. टास्कमध्ये ‘वापरकर्ता लॉग ऑन असो वा नसो’ हा पर्याय निवडला की ती वेगळ्या सत्रात, म्हणजे लॉग ऑन केलेल्या माणसाच्या पडद्यापासून अलग कप्प्यात, चालते. विस्टा या आवृत्तीपासून विंडोजनं सेवांचं (पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमांचं) सत्र माणसाच्या पडद्यापासून वेगळं काढलं आहे, आणि खिडकीला पाठवलेला निरोप सत्राची भिंत ओलांडत नाही. /एफ मात्र ओलांडतं, कारण त्याला खिडकी लागतच नाही. परिणामी स्क्रिप्टमध्ये दोन्ही टप्पे लिहिलेले असूनही प्रत्यक्षात दरवेळी सक्तीच होते. ‘वापरकर्ता लॉग ऑन असतानाच’ हा पर्याय ठेवा. पुनरावृत्तीच्या यादीत सर्वांत कमी ५ मिनिटं दिसतात, पण तिथे हातानं १ मिनिट लिहिता येतं. नको असलेला प्रोग्रॅम प्रशासकाच्या हक्कांनी उघडला असेल तर साध्या हक्कांच्या स्क्रिप्टला दोन्ही प्रकारांत नकार मिळतो. टास्कमध्ये ‘सर्वोच्च हक्कांनी चालवा’ याच्यापुढे खूण करावी लागते.

पॉवरशेलकडे (विंडोजची आज्ञा चालवण्याची दुसरी, नवी सोय) वळणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. तिथल्या स्टॉप-प्रोसेसला -फोर्स हा पर्याय आहे, म्हणून तो न लावता आज्ञा सौम्य असेल असं वाटतं. तसं नाही. स्टॉप-प्रोसेस नेहमीच सक्तीनं संपवते. -फोर्स फक्त दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रक्रियेबद्दलचा ‘खरंच?’ हा प्रश्न गाळतं. विनंती करायची तर गेट-प्रोसेसनं प्रक्रिया घेऊन तिच्यावर क्लोजमेनविंडो हाक मारायची. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर निरोप पोहोचलाच नाही, बहुधा मुख्य खिडकीच नाही. लिनक्सवर हीच जोडी १५ आणि ९ या क्रमांकांनी ओळखली जाते. साधं किल १५ क्रमांकाचा संकेत पाठवतं, तो प्रोग्रॅम ऐकून आवराआवर करू शकतो. ९ अडवताच येत नाही.

आणि बंद केलेला प्रोग्रॅम काही सेकंदांत परत येत असेल, तर तो बहुधा सेवा म्हणून बसवलेला आहे. सेवेची प्रक्रिया /एफनं मारली की विंडोज त्याला बिघाड समजतं, आणि पुनर्प्राप्तीची तशी सोय लावलेली असेल तर ती पुन्हा सुरू करतं. तिथे टास्ककिलचे दोन्ही प्रकार सोडून ‘एससी स्टॉप’ आणि सेवेचं नाव लिहा, मग सर्व्हिसेसच्या यादीत तिचा सुरू होण्याचा प्रकार ‘डिसेबल्ड’ करा.