कोरणीची धार: मिरजेच्या गीतेपासून कार्बाइडपर्यंत

मिरजेत 1805 मध्ये भगवद्गीता छापली गेली, तीही खिळे (छपाईची सुटी अक्षरे) न जुळवता, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे उलटी कोरून. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने पुण्यात एक तांबट हे काम शिकला होता. नाना फडणवीसांना गीता छापून हवी होती. पुण्याची घडी विस्कटल्यावर तो कारागीर मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला.

तांब्यावर अक्षरे नवी नव्हती. सातव्या शतकातला चालुक्य घराण्यातील विष्णुवर्धनाचा एक ताम्रपट तर साताऱ्याच्याच नावाने ओळखला जातो. पण ताम्रपट म्हणजे बहुधा छिन्नी-हातोडीचे काम. पुष्कळ ताम्रपटांवर घाव इतके खोल आहेत की अक्षरे मागच्या बाजूनेही उठलेली दिसतात. वाचायला त्याची अडचण नाही. छपाईत मात्र रेघेच्या काठाला राहिलेली बर (उचललेली धातूची खरखरीत कड) शाई धरते आणि कागदावर अक्षर फुगते. त्यामुळे इथे ठोकून भागत नाही. मूठ तळहातात धरून कोरणी ढकलावी लागते, आणि तिच्या तोंडावरचा बारीकसा ओरखडाही रेघेत उतरतो.

जुन्या पद्धतीत कोरणी बहुतेक कानशीच्या पोलादाची. कानस लाल करून राखेत रात्रभर निवू द्यायची, म्हणजे ती घासता येते. चौकोनी कांडी साधारण 3 मिमीची. टोक पुन्हा चेरीसारखे लाल झाले, चुंबक चिकटेनासे झाले, की तेलात बुडवायचे. या अवस्थेत ते ठिसूळ असते. एक बाजू चकचकीत घासून मागून हळू तापवावे. फिकट पिवळा रंग टोकाशी पोचला (सुमारे 220 अंश) की थांबावे. निळा चढला तर पाणी उतरले, म्हणजे कठीणपणा गेला. टोक तांब्यातही दुमडते.

मिरजेत धारेचे जाणकार शिकलगार होतेच. त्यांच्यातलेच काही एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे करू लागले.

तोंडाचा कोन तांब्या-चांदीला 45 अंश, पोलादाला 50 किंवा थोडा जास्त. 35 वर आणला तर टोक तुटणारच. खालच्या बाजूला 15 ते 20 अंशांची टाच हवी, तीही जेमतेम अर्धा मिलिमीटर. टाच नसेल तर कोरणी धातूत घुसत जाते; लांब झाली तर वळणावर रेघेची बाहेरची कड चेपते. देवनागरीत गोलाई जास्त, म्हणून टाच आखूडच बरी. धार लागली का, हे नखावर बघावे: टोक घसरले तर बोथट, रुतले तर तयार.

विसाव्या शतकात हायस्पीड स्टील (तापले तरी कठीण राहणारे पोलाद) आले आणि ग्राइंडरवर टोक निळे पडण्याची धास्ती कमी झाली. स्टेनलेसच्या भांड्यांसाठी आता कार्बाइड (टंगस्टनचे अतिकठीण संयुग) वापरतात. त्याला हिऱ्याची पट्टीच लागते, आणि तिरका दाब पडला की टोकाचा टवका उडतो. तांब्यावर बारीक अक्षर काढायचे असेल तर नीट पाणी दिलेली कानशीची कोरणी आजही पुरते.