तुरुंगातला उकाडा: एक बराक, दोन कायदे

अमेरिकेतल्या तुरुंगांच्या उष्णतेवर जवळपास पस्तीस वर्षं भांडण चालू आहे आणि ते दोन वेगळ्या दारांत चाललंय. कैद्यांचं गाऱ्हाणं संघराज्याच्या न्यायालयात, 'क्रूर आणि विचित्र शिक्षा' नको म्हणणाऱ्या आठव्या घटनादुरुस्तीखाली. रक्षकांचं गाऱ्हाणं कामगार सुरक्षेच्या खात्यात. तापते ती बराक मात्र एकच.

सुरुवात कॅलिफोर्नियापासून करू. १९९१ च्या उन्हाळ्यात व्हॅकाव्हिलच्या तुरुंगात उष्णतेच्या लाटेत तीन कैदी दगावले. तिघंही मानसिक आजारावरची औषधं घेत होते. यातली बरीच औषधं घाम येण्यावर आणि शरीराने स्वतःला थंड ठेवण्यावर परिणाम करतात, त्यामुळे इतरांना नकोसा होणारा उकाडा या माणसांच्या जिवावर बेततो. पुढे मनोरुग्ण कैद्यांच्या खटल्यांच्या रेट्यातून तुरुंग खात्याची 'उष्णता योजना' उभी राहिली. बाहेर ९० अंश फॅरनहाइट (३२ सेल्सिअस) झाले की पहिला टप्पा, आत ९० झाले की दुसरा, आत ९५ (३५ सेल्सिअस) झाले की तिसरा. रक्षकाने ठरल्या वेळी तापमापक बघायचा, आकडा वहीत लिहायचा, ही औषधं घेणाऱ्यांना मैदानातून आत घ्यायचं, पाणी आणि जादा अंघोळीची सोय करायची. योजना वाईट नव्हती, पण ती ठरावीक कैद्यांपुरती होती. शेजारच्या खाटेवरचा धडधाकट कैदी तिच्यात नव्हता आणि वहीत आकडा लिहिणारा रक्षकही नव्हता.

इमारतीत फारसं काही बदललं नाही. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातल्या अनेक तुरुंगांत आजही एसी नाही, पाण्याचे कूलर आहेत. विदर्भात खिडकीला लावतात त्याचंच थोरलं भावंड. कोरड्या हवेत ते बरं काम करतात. हवा दमट झाली की नुसता ओला वारा फेकतात.

न्यायालयाच्या वाटेने किती पुढे जाता येतं, हे टेक्सासमध्ये दिसलं. तिथे कायद्याची गंमत अशी की काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कच्च्या कैदेत तापमान ६५ ते ८५ अंश फॅरनहाइटमध्येच (१८ ते २९ सेल्सिअस) ठेवावं लागतं. शिक्षा होऊन माणूस राज्याच्या तुरुंगात गेला की ही मर्यादा संपते. २०११ च्या उन्हाळ्यात राज्याच्या तुरुंगांत किमान दहा कैदी उष्माघाताने गेले. डॅलसजवळच्या एका तुरुंगातल्या ५८ वर्षांच्या कैद्याच्या शरीराचं तापमान १०९ अंशांवर गेलं होतं. २०१३ मध्ये बातमी आली की हेच खातं डुकरांसाठी तापमान-नियंत्रित गोठे साडेसात लाख डॉलरना घेतंय. तेव्हा रक्षकांची संघटना उघडपणे कैद्यांच्या बाजूने उभी राहिली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण तो. रक्षकांनाही दुसरा आधार नव्हता: संघराज्याचा कामगार सुरक्षा कायदा राज्य सरकारच्या नोकरांना आपोआप लागू होत नाही आणि टेक्सासने स्वतःची तशी व्यवस्था उभी केलेली नाही.

नावासोटाजवळच्या पॅक तुरुंगातल्या कैद्यांनी २०१४ साली दावा लावला. २०१७ मध्ये न्यायाधीश कीथ एलिसन यांनी आजारी आणि वृद्ध कैद्यांच्या जागेत उष्णता निर्देशांक (तापमान आणि दमटपणा मिळून जाणवणारा उकाडा) ८८ च्या आत ठेवायला सांगितलं, २०१८ मध्ये तडजोड झाली आणि एसी बसले. राज्याने खर्च दोन कोटी डॉलरच्या पुढे जाईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सुमारे चाळीस लाखांत काम झालं. वकिलांवर आणि खटल्यावर त्याहून जास्त पैसे गेले होते. पण निकाल एका तुरुंगापुरता. २०२१ आणि २०२३ मध्ये सर्व तुरुंग थंड करण्याची विधेयकं खालच्या सभागृहात मंजूर होऊन वर अडकली. मार्च २०२५ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पिटमन यांनी ही उष्णता उघड घटनाबाह्य असल्याचं म्हटलं, तरी तातडीने तात्पुरते एसी बसवायचा आदेश काही दिला नाही.

कामगारांची वाट कॅलिफोर्नियात जास्त रुंद आहे. शेतमजुरांच्या मृत्यूंनंतर २००५ मध्ये तिथे उघड्यावरच्या कामासाठी उष्णतेचा नियम झाला. २०१६ च्या कायद्याने छपराखालच्या कामासाठीही नियमाचा मसुदा १ जानेवारी २०१९ पर्यंत मांडा, असं बजावलं. मुदत टळली, नियम रखडला. या राज्यात तुरुंगातल्या स्वयंपाकघरात किंवा धोबीखान्यात राबणारा कैदीसुद्धा सुरक्षेच्या कायद्यापुरता कर्मचारी धरला जातो. शिवाय बराक हे रक्षकाचं कामाचं ठिकाण. म्हणजे ८७ अंशांवर जागा थंड करा असा नियम आला, तर रक्षकासाठी केलेला गारवा कैद्यालाही मिळणार होता.

इथेच माशी शिंकली. २१ मार्च २०२४ ला कामगार सुरक्षेचे नियम ठरवणारं राज्याचं मानक मंडळ मतदान करणार, त्याच्या आदल्या रात्री राज्याच्या अर्थखात्याने आपली संमती काढून घेतली. कारण तुरुंगांचा खर्च. तो अब्जावधीत जाईल अशी धास्ती. गोदामातले मजूर सभेत घोषणा देत उठले आणि मंडळाने निषेध म्हणून नियम एकमताने मंजूर केला, पण संमतीशिवाय तो अमलात येणं शक्य नव्हतं. जूनमध्ये तुरुंग, स्थानिक कोठड्या आणि बालसुधारगृहं वगळून तोच नियम पुन्हा मंजूर झाला आणि २३ जुलैला लागू झाला. खासगी गोदामाच्या मालकाला जे बंधनकारक, ते सरकारने मालक म्हणून स्वतःला लावून घेतलं नाही, असाच याचा सरळ अर्थ.

त्याच जुलैत चौचिलाच्या महिला तुरुंगात एक कैदी महिला मरण पावली. घरच्यांनी उष्णतेला दोष दिला, खात्याने जुन्या आजाराकडे बोट दाखवलं. तुरुंगांसाठी वेगळा नियम करण्याचं काम त्यानंतर हाती घेण्यात आलं. दरम्यान उघड्यावरच्या कामाचा जुना नियम तुरुंगांना लागू राहिलाच. मैदानात ८० अंशांना रक्षकाला सावली द्यावी लागते. तोच रक्षक ९५ अंशांच्या बराकीत शिरला की छपराखालचा नियम त्याच्यासाठी नाही.