ऑक्सिजनचा टक्का: रक्तातला आणि कांदोळीच्या समुद्रातला

कोविडच्या दोन वर्षांत गोव्यात घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आले. मे 2021 मध्ये ऑक्सिजनपुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढेही गेला. 94 टक्क्यांच्या खाली आकडा उतरला की घरातल्यांचा जीव टांगणीला लागत असे. हा टक्का नेमका कशाचा, हे मात्र फार थोड्यांना कुणी समजावून सांगितले.

रक्तात तो हिमोग्लोबिनचा हिशेब असतो: ऑक्सिजन धरण्याच्या जागांपैकी किती भरल्या आहेत. म्हणूनच ज्याचे हिमोग्लोबिन 14 आहे आणि ज्याचे 7 आहे, त्या दोघांनाही यंत्र 98 दाखवू शकते; दुसऱ्याच्या रक्तात मात्र ऑक्सिजन निम्माच असतो. पाण्यातला ऑक्सिजनही टक्क्यांत सांगतात, पण त्याचा हिशेब निराळा. त्या तापमानाला आणि त्या खारटपणाला हवेच्या संपर्कातले पाणी जेवढा ऑक्सिजन विरघळवून ठेवील, त्याच्याशी ही तुलना असते. 0 अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 14.6 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला 7.5, आणि तेवढ्याच उष्ण समुद्रात जेमतेम 6. तिन्ही ठिकाणी टक्का शंभरच! शिवाय भर उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडते तेव्हा खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या) तळ्यात हा टक्का शंभराच्याही वर जातो, जे धमनीतल्या रक्तात शक्य नाही.

दोन्ही मोजण्या एकोणिसाव्या शतकातल्या. 1864 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी ऑक्सिजन मिळाला किंवा गेला की रक्तातल्या रंगद्रव्याचा रंग बदलतो हे दाखवले. पुढचे सगळे ऑक्सिमीटर याच पायावर उभे आहेत. 1888 मध्ये हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी मँगनीज आणि आयोडिनच्या साह्याने पाण्यातला ऑक्सिजन मोजण्याची रीत दिली. बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही, एवढी ती नाजूक. तरीही संशोधन जहाजांवर ती आजही चालते. रक्त आणि पाणी यांना खऱ्या अर्थाने जोडले ते अमेरिकेच्या लेलँड क्लार्क यांच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडने. 1950 च्या दशकात तो रक्तासाठी तयार झाला आणि पुढे नद्यांत नि समुद्रातही उतरला. बोटाला लावायच्या यंत्रामागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, 1970 च्या दशकातली: लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांत नाडीच्या ठोक्यागणिक होणारा फरक तेवढा टिपायचा. एप्रिल 2020 मध्ये, त्यांच्या यंत्राची जगाला सर्वाधिक गरज असताना, ते गेले.

गोव्याचा वाटा समुद्राकडून येतो. 1962 ते 1965 च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पणजीजवळचे दोना पावला हे तिचे मुख्यालय. अरबी समुद्रात साधारण 150 मीटरपासून 1000 मीटरपर्यंत ऑक्सिजन फारच कमी असतो, हे तोवर माहीत होते. किनाऱ्याजवळचे चित्र उलगडायला वेळ लागला. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उत्तर गोव्यातल्या कांदोळी किनाऱ्यासमोर एका ठरलेल्या ठिकाणी वर्षभर पुन्हा पुन्हा नमुने घेतले जाऊ लागले. नैऋत्य मोसमी काळात खोलवरचे ऑक्सिजन कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. वरून पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी झाकणासारखे पसरते, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तळापर्यंत पोचत नाही. वरच्या थरात फोफावलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मरून खाली कुजते आणि उरलेला ऑक्सिजनही संपतो. मग जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेटकडे वळतात, तेही सरले की सल्फेटकडे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आढळतो. या प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायूही तयार होतो. याच संस्थेचे नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात हे मांडले, तेव्हा जगाचे लक्ष या किनाऱ्याकडे गेले. पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला संपते आणि ट्रॉलर बाहेर पडतात ते नेमके याच दिवसांत. मला तरी हा प्रयोगशाळेपुरता विषय वाटत नाही.

हा ऑक्सिजन तुटवडा मुळात नैसर्गिक आहे; तो वाढतो आहे का आणि त्यात शेतातून व शहरांतून वाहून येणाऱ्या नायट्रोजनचा हात किती, यावर संशोधकांत चर्चा चालू आहे. गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांच्या पाण्याबद्दल बोलताना लिटरमागे 5 मिलिग्रॅम हा आंघोळीच्या पाण्याचा निकष सांगितला जातो. पण त्याच पाण्यात पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असतो. नमुना किती वाजता, किती खोलीवरून आणि भरतीला की ओहोटीला घेतला, हे आकड्याशेजारी छापलेच पाहिजे.