तग धरण्याची ताकद मोजायची कशी?

पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगतो. पण त्याच दुष्काळात एक घर वर्षभरात सावरतं आणि शेजारच्या घराला जमीन विकावी लागते, हा फरक मोजायचा कशाने? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबाबत अमर्त्य सेन यांची मांडणी अशी होती, की प्रांतात एकूण धान्य किती होतं यापेक्षा शेतमजुरांच्या मजुरीत ते विकत घ्यायची ऐपत उरली होती का, हे जास्त महत्त्वाचं. अभ्यासक याच ऐपतीच्या मागे आहेत. ती कमी असणं, यालाच ते सामाजिक असुरक्षितता म्हणतात.

सुसान कटर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या कौंट्यांसाठी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांसाठी, ४२ बाबी घेऊन या असुरक्षिततेचा निर्देशांक बांधला. तिथे जनगणनेची भरवशाची आकडेवारी हाताशी होती. गरीब ग्रामीण भागात ती बहुधा नसते, असली तर जुनी असते. म्हणून २००९ मध्ये मोझांबिकमधल्या दोन जिल्ह्यांसाठी हान आणि सहकाऱ्यांनी थेट घरोघरी जाऊन विचारलं: पाणी किती लांबून आणता, आजारी कोण आहे, उसनं कोणाकडून घेता?

अशी उत्तरं ० (सर्वांत कमी असुरक्षित) ते १ (सर्वांत जास्त) या पट्टीवर बसवून त्यांची सरासरी काढतात. खरी मेख इथेच आहे. पट्टीची दोन्ही टोकं त्याच पाहणीतून घेतली, तर सगळीच गावं हलाखीत असतानाही त्यातल्या त्यात बऱ्या गावाला ० मिळू शकतो! शिवाय चांगला रस्ता आणि कोरडी विहीर सरासरीत एकमेकांना झाकून टाकतात. कशाला किती वजन द्यायचं, हे शेवटी माणूसच ठरवतो.

मला त्यापेक्षा साधी पाच प्रश्नांची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. गेल्या ७ दिवसांत हलक्या प्रतीचं, नावडतं अन्न किती दिवस खाल्लं, किती दिवस घास कमी केले, किती दिवस जेवणाची एखादी वेळ गाळली? या तिन्हींना वजन १. अन्न उसनं आणलं तर २. मुलांना पुरावं म्हणून मोठी माणसं अर्धपोटी राहिली तर ३. दिवस गुणिले वजन, मग बेरीज. जास्तीत जास्त ५६. अर्थात ही आजची ओढाताण झाली, उद्याची नव्हे. उत्तर कुटुंबप्रमुखाने दिलं, तर घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईचं पोट हिशेबात येईलच असंही नाही.

आणखी एक अडचण आकड्यांत दिसतच नाही. पाहणी होते ती गावात उरलेल्यांची. पार मोडलेली घरं स्थलांतर करून गेली, की पुढच्या फेरीत गावाचा निर्देशांक सुधारलेला दिसू शकतो. त्यामुळे दुसऱ्या फेरीत पहिल्याच कुटुंबांना पुन्हा गाठावं लागतं, गाव सोडून गेलेल्यांनाही. त्यात पैसा आणि वेळ भरपूर जातो, आणि नेमकी हीच फेरी बहुतेक वेळा राहून जाते.